घर मोठं, गाडीही मोठी!

दहा-बारा जणांच्या कुटुंबाला दोन लहान मोटारी सोयीच्या की एकच मोठी प्रवासी व्हॅन? व्हॅन दारात उभी करण्यापूर्वी नुसती आसनं मोजून भागत नाही. कायदा, टपावरचं ओझं आणि घरातल्या माणसांचे स्वभाव, सगळ्याचाच हिशेब मांडावा लागतो.

"पाचच जण बसतील हं! मग घरी कोण थांबतंय?"

एकत्र कुटुंबाच्या दारात मोटार आली की तिच्यापाठोपाठ हा प्रश्नही येतो. उत्तर बहुधा ठरलेलं असतं. सासूबाई म्हणतात, "माझं काय, माझे तर गुडघे दुखतात. तुम्ही या जाऊन." थोरली सून म्हणते, "आईंना वेळेवर जेवायला कोण वाढणार? मी थांबते." दोघींनाही जायचं आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण गाडीत जागाच नसते, म्हणून कुणी फारसा आग्रह धरत नाही. बारसं असो, लग्न असो की कुलदैवताचं दर्शन, मागे राहणारी माणसं प्रत्येक वेळी तीच!

मोठी प्रवासी व्हॅन घ्यावी, हा विचार अनेक घरांत इथूनच सुरू होतो. पेट्रोल-डिझेलचा हिशेब नंतर येतो. आधी येते ती 'सगळे मिळून जाऊ' ही इच्छा. ती चांगलीच आहे. पण दहा-बारा आसनांची गाडी घरासाठी घेणं आणि पाच आसनांची मोटार घेणं यात फरक फक्त किमतीचा नाही.

मेटॅडोर ते अर्बानिया

मोठ्या गोतावळ्याची मोठी गाडी महाराष्ट्राला नवी नाही. नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये सुरू केलेल्या बजाज टेम्पो कंपनीच्या 'मेटॅडोर'मधून एके काळी वऱ्हाड गेलं, शाळेची मुलं गेली, भाजीच्या पाट्याही गेल्या. हा शब्द इतका रुळला की तसल्या कुठल्याही गाडीला लोक मेटॅडोरच म्हणू लागले. पुढे १९८७ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझच्या तंत्रावर आधारलेली 'टेम्पो ट्रॅव्हलर' आली. कंपनीचं नाव २००५ मध्ये बदलून फोर्स मोटर्स झालं, पण लोकांच्या तोंडी अजूनही 'टेम्पो ट्रॅव्हलर'च आहे. इंदूरजवळच्या पीथमपूरला ती तयार होते. टाटांची 'विंगर' २००७ मध्ये आली आणि २०२२ मध्ये फोर्सनेच 'अर्बानिया' ही अधिक आरामशीर व्हॅन आणली.

छोट्या व्हॅनचीही आठवण इथे काढायला हवी. १९८४ मध्ये आलेली मारुती व्हॅन १९८८ मध्ये 'ऑम्नी' झाली आणि २०१९ पर्यंत बनत राहिली. मध्यमवर्गीय घरातले सात-आठ जण तिच्यात दाटीवाटीने मावत. त्यानंतर सुमो, क्वालिस, इनोव्हा अशा गाड्यांनी सात-आठ जणांची सोय केली. पण घरात माणसं दहा-बारा असतील, तर या गाड्याही अपुऱ्या पडतात. मग व्हॅनकडेच वळावं लागतं.

व्हॅन केवढी मोठी असते, हे रस्त्यावर चटकन लक्षात येत नाही. 'ट्रॅव्हलर ३३५०' या नावातला आकडा म्हणजे तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं मिलिमीटरमधलं अंतर. जुनी मारुती ८०० नाकापासून शेपटीपर्यंत ३३३५ मिलिमीटर होती. म्हणजे या व्हॅनच्या पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतरच अख्ख्या मारुती ८०० च्या लांबीपेक्षा थोडं जास्त आहे! तेव्हा शोरूममध्ये जाण्याआधी एक मोजपट्टी घ्या. सोसायटीच्या फाटकाची रुंदी, तळघरातल्या पार्किंगच्या छताची उंची आणि आपल्या गल्लीतलं वळण मोजा. दारात उभी राहणार नाही अशी गाडी घेतली, तर ती रोज शेजाऱ्यांच्या डोळ्यांत खुपेल.

कायद्यातले दोन आकडे: सहा आणि नऊ

व्हॅनच्या बाबतीत बहुतेक कुटुंबं अडकतात ती इथे. गाडी पसंत पडते, बयाणा दिला जातो आणि मग आरटीओत कळतं की कागदाचं प्रकरण वाटलं तितकं सोपं नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यानुसार चालक सोडून सहापेक्षा जास्त माणसं बसतील अशी बांधणी असलेलं वाहन म्हणजे 'ऑम्निबस'. साध्या 'मोटार कार'च्या व्याख्येतून ते वेगळं काढलं आहे. हा झाला पहिला आकडा.

दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा. परमिट सहसा भाड्याच्या किंवा धंद्याच्या वाहनांना लागतं. पण याच कायद्याचं कलम ६६ राज्य सरकारांना असा अधिकार देतं, की चालक सोडून नवापेक्षा जास्त माणसं नेणाऱ्या कुठल्याही वाहनाला नियम करून परमिटची अट लावता येते. गाडी घरच्याच माणसांसाठी असली तरीही! म्हणून एका राज्यात जी बारा आसनी व्हॅन खासगी नावावर सहज पास होते, तीच दुसऱ्या राज्यात अडू शकते. रस्ता कराचे दरही राज्यागणिक वेगळे असतात. बडोदा, बेळगाव किंवा हैदराबादला राहणाऱ्या मराठी कुटुंबाने पुण्याच्या नातेवाइकाच्या अनुभवावर विसंबू नये. ज्या आरटीओत गाडी पास होणार, तिथेच आधी चौकशी करावी. आसनांची नेमकी संख्या सांगून, आणि बयाणा देण्यापूर्वी.

आणखी एक खाचखळगा घरच्या धंद्याचा. कुटुंबाचं दुकान असतं, छोटा कारखाना असतो. सकाळी कामगारांना आणायचं आणि रविवारी घरच्यांना फिरवायचं, असा दुहेरी बेत आखला जातो. पण धंद्याच्या कामासाठी माणसांची नियमित ने-आण करणारी सहापेक्षा जास्त आसनांची गाडी कायद्याने 'प्रायव्हेट सर्व्हिस व्हेइकल' ठरते. ती परिवहन वाहनांत मोडते, म्हणजे परमिट आलं, फिटनेसची तपासणी आली.

"एरवी उभीच असते, सुटीत भाड्याने देऊ, हप्ता तरी निघेल," हा विचारही पुष्कळांच्या मनात येतो. पांढऱ्या नंबर प्लेटच्या गाडीने भाडं मारणं हा गुन्हा आहे. शिवाय अशा फेरीत अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईला हरकत घेऊ शकते. चार पैशांसाठी लाखांची जोखीम कशाला?

चालवण्याच्या परवान्याबाबत मात्र एक दिलासा आहे. ७,५०० किलोपर्यंतच्या परिवहन वाहनांसाठी हलक्या मोटार वाहनाचा परवाना पुरतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. घरगुती वापराच्या व्हॅन या वजनाच्या पुष्कळ आत असतात. करातही थोडी सूट मिळाली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चालकासह दहा किंवा अधिक माणसं नेणाऱ्या वाहनांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला.

डिझेलचं गणित

"व्हॅन डिझेल पिते," असं म्हणतात. खरं आहे का? एक सोपं गणित करू. समजा, व्हॅन लिटरला १० किलोमीटरचं ॲव्हरेज देते आणि लहान मोटार १५ चं. बारा माणसांना ३०० किलोमीटर जायचं आहे. व्हॅनला ३० लिटर लागतील. बारा माणसांसाठी लहान मोटारी दोन तरी हव्यात, तेही दाटीवाटीने. दोन मोटारींना मिळून ४० लिटर लागतील. टोल दोनदा, पार्किंग दोनदा, चालवणारेही दोघे.

पण त्याच व्हॅनमधून तिघेच जण गेले तर? तेच ३० लिटर तिघांत वाटले जातील, माणशी १० लिटर. मोटारीत हाच खर्च माणशी पावणेसात लिटरच्या आत राहिला असता. थोडक्यात, भरलेली व्हॅन स्वस्त आणि रिकामी व्हॅन महाग. भाजी आणायला, मुलाला क्लासला सोडायला व्हॅन काढावी लागत असेल, तर गणित चुकलं असं समजा. व्हॅन असलेल्या घरात एखादी स्कूटर किंवा जुनी छोटी मोटार लागतेच. तिचाही खर्च धरा.

विकत घ्यावी की भाड्याने आणावी, हे ठरवायला एक साधा उपाय आहे. घरातल्या कॅलेंडरवर वर्षभर खुणा करा. ज्या दिवशी सातपेक्षा जास्त जण एकत्र बाहेर पडले, तो दिवस गोल करा. वर्षाअखेरीस गोल मोजा. गणपतीला गाव, मे महिन्यातलं एखादं लग्न, एखादी अष्टविनायकाची यात्रा असे वीस-पंचवीसच गोल निघाले, तर व्हॅन ड्रायव्हरसकट भाड्याने आणणं शहाणपणाचं. दर आठवड्याला गोल पडत असेल, घरात शाळकरी मुलं चार-पाच असतील, दोन वृद्धांना नेमाने दवाखान्यात न्यावं लागत असेल, तर मात्र स्वतःच्या व्हॅनचा विचार जरूर करा.

टपावरच्या ओझ्याची भीती धरा

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. लहान मोटारीत कुटुंबातले चार-पाच जण असतात. व्हॅनमध्ये अख्खं घर असतं, आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत. म्हणूनच इथे निष्काळजीपणाला जागा नाही.

बारा माणसं, सरासरी ६० किलोची धरली तरी ७२० किलो झाली. माणशी १० किलो सामान धरा, एकूण ८४० किलो. मारुती ८०० रिकामी असताना साधारण ६५० किलोची असे. म्हणजे व्हॅन भरली की तिच्या अंगावर एका छोट्या मोटारीपेक्षा जास्त वजन चढतं. रिकामी व्हॅन चालवून पाहणाऱ्याला भरलेली व्हॅन वेगळीच भासते. ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं, वळणावर अंग झुकतं, चढावर दम लागतो.

याबाबत अमेरिकेतला अनुभव डोळ्यांपुढे ठेवण्यासारखा आहे. तिथे पंधरा आसनी व्हॅन फार वापरात आहेत. कारण तिथे चालकासह सोळा किंवा अधिक माणसांच्या गाडीला व्यावसायिक परवाना लागतो, पंधरा आसनांच्या खासगी गाडीला लागत नाही. मोठी कुटुंबं, चर्च, शाळांचे संघ या गाड्या वापरत. तिथल्या महामार्ग वाहतूक सुरक्षा खात्याने २००१ मध्ये एक इशारा दिला. दुसऱ्या वाहनाशी टक्कर न होता घडणाऱ्या अपघातांत, दहा किंवा अधिक माणसं असलेली व्हॅन उलटण्याचं प्रमाण थोडी माणसं असलेल्या व्हॅनच्या जवळजवळ तिप्पट होतं! कारण सरळ आहे. माणसं भरत जातात तसा गाडीच्या वजनाचा मध्य वर आणि मागे सरकतो. त्यात ड्रायव्हरने घाबरून एकदम स्टेअरिंग वळवलं की तोल जातो.

आपल्याकडे तर टपावर कॅरिअर असतोच! गावाला जाताना बॅगा आणि वळकट्या, परतताना नारळांची पोती, आंब्याच्या पेट्या आणि दोन-चार फणस. ताडपत्री टाकून दोरीने आवळलं की झालं. पण टपावर चढवलेलं प्रत्येक पोतं गाडीला उलटण्याच्या जवळ नेतं. म्हणून हे नियम घरात लिहूनच लावावेत:

• टपावर जड सामान ठेवू नये. सामान आतच, खाली आणि शक्यतो मागच्या चाकांच्या पुढे ठेवावं. सामानासाठी मागची एक-दोन आसनं रिकामी सोडावी लागली, तरी चालेल.

• माणसं कमी असतील तर पुढच्या रांगा आधी भराव्यात. सगळी मुलं मागच्या बाकावर, ही पद्धत मोडावी.

• टायरमधली हवा आठवड्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी तपासावी. स्टेपनी विसरू नये. हवा कमी असलेला टायर भरलेल्या व्हॅनला घातक ठरतो.

• घाटात ज्या गिअरमध्ये चढलो, त्याच गिअरमध्ये उतरावं. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडणं म्हणजे फक्त ब्रेकवर भरवसा ठेवणं. सततच्या दाबाने ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात.

• प्रत्येक आसनाला पट्टा आहे ना, हे गाडी घेतानाच पाहावं आणि प्रत्येकाने तो लावावा. मागे समोरासमोर आडवे बाक असलेल्या गाडीत मुलांना त्या बाकांवर बसवू नये.

• गाडीचा तोल सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा काही नव्या व्हॅनमध्ये मिळते. विक्रेत्याला ती आहे का, हे आवर्जून विचारावं. मखमली पडद्यांपेक्षा आणि रंगीत दिव्यांपेक्षा तिच्यावर केलेला खर्च कामाला येतो.

आणि हो, "बारा बसतात तिथे पंधरा बसतील, घरचीच तर माणसं आहेत," हे वाक्य व्हॅनमध्ये कधीच उच्चारू नये. परिवहन वाहनातल्या जादा प्रवाशांबद्दल २०१९ च्या दुरुस्तीनुसार माणशी २०० रुपये दंड आहे आणि जादा माणसांची दुसरी सोय झाल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही. पण दंड ही किरकोळ गोष्ट झाली. पट्ट्याशिवाय मांडीवर बसलेलं मूल जोराच्या धक्क्याला कुणालाही धरून ठेवता येत नाही.

किल्ली कुणाकडे?

व्हॅन घेतली की घरात एक नवी नोकरी निर्माण होते, ती बिनपगारी ड्रायव्हरची! बहुधा ती धाकट्या दिराच्या किंवा पुतण्याच्या गळ्यात पडते. सगळे मागे गाणी म्हणतात, भेंड्या लावतात, दुपारचं जेवण झालं की डुलक्या घेतात. तो एकटा जागा असतो. लग्नघरी पोहोचल्यावरही "जरा स्टेशनवर जाऊन मामांना घेऊन ये" म्हणून पुन्हा तोच. दोन वर्षांत त्याला गाडीचा कंटाळा येतो आणि मग भांड्याला भांडं लागतं.

म्हणून घरात निदान दोघांनी, शक्य तर तिघांनी व्हॅन चालवायला शिकावं. त्यात घरातल्या स्त्रियाही असाव्यात. नव्या व्हॅनना पॉवर स्टेअरिंग असतं, ताकद लागत नाही, सवय लागते. सुरुवातीला रिकामी गाडी, मग निम्मी भरलेली आणि शेवटी पूर्ण भरलेली, असा सराव करावा. दर दोन तासांनी थांबायचं आणि रात्री जागरण करून गाडी हाकायची नाही, हेही आधीच ठरवावं. पगारी ड्रायव्हर ठेवणार असाल तर त्याच्याबाबतची जबाबदारी विम्यात समाविष्ट करून घ्यावी.

दुसरा नाजूक विषय पैशांचा. तीन भावांनी मिळून गाडी घेतली, तरी आरसी बुकावर नाव एकाचंच लागतं. आज सगळं गोडीत आहे म्हणून कुणी काही लिहून ठेवत नाही. पुढे वाटण्या होतात, बदल्या होतात आणि "गाडी कुणाची?" हा प्रश्न जमिनीच्या प्रश्नाइतका कडू होतो. कुणी किती पैसे घातले, हप्ता कोण भरतो, विमा आणि सर्व्हिसिंगचा खर्च कसा वाटायचा आणि एकजण वेगळा झाला तर त्याला किती परत द्यायचे, हे एका वहीत लिहून सगळ्यांनी सह्या कराव्यात. यात अविश्वास नाही, उलट नातं जपण्याचाच तो मार्ग आहे. २०२१ पासून आरसीवर वारसदाराचं नाव नोंदवण्याचीही सोय झाली आहे. तीही करून टाकावी.

डिझेलसाठी एक डबा ठेवावा. जो गाडी नेईल त्याने किलोमीटर लिहावेत आणि त्या हिशेबाने डब्यात पैसे टाकावेत. माहेरी जायला निघालेल्या सुनेला गाडी मागताना संकोच वाटू नये आणि मित्रांबरोबर निघालेल्या मुलाला ती फुकट वाटू नये, दोन्ही यातून साधतं.

आधी सगळ्यांना बसवून पाहा

मोटार पाहायला साधारणपणे घरातले दोन पुरुष जातात, इंजिन उघडून बघतात, भाव करतात आणि येतात. व्हॅनच्या बाबतीत ही पद्धत चालणार नाही. चाचणीसाठी गाडी घरी मागवा आणि अख्ख्या कुटुंबाला तिच्यात बसवा. ज्यांना गाडी लागते त्यांना मागच्या रांगेत हादरे जास्त बसतात, त्यांची जागा पुढे किंवा मधे ठरवा. शेवटच्या रांगेपर्यंत थंड हवा पोहोचते का? लहान मूल झोपलं तर त्याला आडवं करता येतं का? मधल्या वाटेतून सगळ्यात मागच्या माणसाला चटकन उतरता येतं का? आणीबाणीत बाहेर पडायचं दार किंवा खिडकी कुठे आहे, हे मुलांनाही दाखवा.

आणि सगळ्यात आधी आजींना चढू द्या. व्हॅनची पायरी मोटारीपेक्षा उंच असते. आधाराला दांडा हाताशी येतो का, खाली आणखी एक पायरी बसवून घेता येईल का, निदान एक बुटकं स्टूल गाडीत कायमचं ठेवता येईल का, ते बघा. ज्यांना मागे ठेवून जावं लागू नये म्हणून एवढी मोठी गाडी घ्यायची, त्यांनाच त्या पायरीपाशी "राहू दे, तुम्हीच जा" म्हणायची वेळ आली, तर बारा आसनं असून उपयोग काय?